जुनी सदनिका घेताना किंवा विकताना: वकिलाचे काम कुठे सुरू होते आणि कुठपर्यंत चालते

करार नोंदवण्याचा दिवस ठरला की मग वकील शोधायचा, अशी आपल्याकडची सर्वसाधारण रीत आहे. तोपर्यंत एजंटासमोर भाव पक्का झालेला असतो, विसाराची रक्कम विक्रेत्याच्या खात्यात पोहोचलेली असते, बँकेकडे कर्जाचा अर्ज गेलेला असतो आणि वकिलाच्या वाट्याला जुन्या मसुद्यातील नावे, मजला आणि क्षेत्रफळ बदलण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. कायदेशीर संरक्षणाचा मोठा भाग पहिली रक्कम देण्यापूर्वीच मिळवावा लागतो, कारण एकदा पैसे गुंतले की कागदपत्रांतील उणीव स्पष्ट दिसत असूनही खरेदीदार तिच्याकडे काणाडोळा करू लागतो.

हा लेख महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेतल्या जुन्या सदनिकेच्या, म्हणजे ज्याला आपण रिसेलचा फ्लॅट म्हणतो त्याच्या, खरेदी-विक्रीपुरता आहे. बिल्डरकडून थेट घर घेताना 2016 चा रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाचा, कायदा पाठीशी असतो. त्यात नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बिल्डरला मनाई आहे आणि प्रकल्पाची माहिती महारेरा या राज्याच्या नियामकाच्या संकेतस्थळावर पाहता येते. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला जुने घर विकताना असा कोणताही नियामक मध्ये उभा नसतो. तेथे तपासणीची सगळी जबाबदारी दोन्ही पक्षांवर आणि त्यांच्या वकिलांवर येते.

आपला वकील आपणच नेमावा

कर्ज घेणारे अनेक जण असे समजतात की बँकेच्या वकिलाने कागद पाहिले, म्हणजे आणखी कोणी पाहण्याची गरज नाही. बँकेचा वकील बँकेला सल्ला देतो. आपण दिलेले कर्ज या घरातून वसूल होईल का, एवढा त्याचा प्रश्न असतो. पार्किंगची जागा खरोखर आपल्याला मिळणार आहे का, विक्रेत्याने ताबा लांबवला तर काय करायचे, संस्थेची जुनी थकबाकी कोणाच्या माथी येईल, हे त्याच्या कामात येत नाही. एजंटाने सुचवलेला किंवा दोन्ही पक्षांनी मिळून नेमलेला वकील खर्च वाचवतो खरा, पण वाद झाल्यास तो कोणाच्या बाजूने उभा राहणार, याचे उत्तर आधी मिळवलेले बरे.

वकिलाची सनद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची आहे का हे विचारण्यात संकोच वाटू देऊ नये. त्याच्याकडून कामाची व्याप्ती लेखी घ्यावी: मालकीहक्काचा शोध, जाहीर नोटीस, विसार पावती, कराराचा मसुदा, नोंदणीच्या दिवशी हजेरी आणि संस्थेतील हस्तांतरण यांपैकी काय काय ठरलेल्या शुल्कात येते आणि कशाचे वेगळे पैसे पडतील, हे त्यात असावे. ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांच्यासाठी 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचा मार्ग खुला आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि दिव्यांग यांना त्यात उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क आहे आणि त्या सेवेत सल्ल्याचाही समावेश होतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा 15100 या क्रमांकावर त्याची चौकशी करता येते.

विसार पावतीत काय लिहावे

घर पसंत पडल्यावर विक्रेता विसार मागतो आणि अनेकदा साध्या कागदावर दोन ओळी लिहून रक्कम दिली जाते. रक्कम लहान असो, पण पावती विचारपूर्वक लिहिलेली असावी. मालकीहक्कात दोष आढळल्यास, संस्थेचे किंवा बँकेचे आवश्यक कागद न मिळाल्यास, अथवा बँकेने सदनिकेच्या कागदपत्रांच्या कारणाने कर्ज नाकारल्यास विसार ठरावीक दिवसांत पूर्ण परत मिळेल, हे वाक्य त्यात असलेच पाहिजे. त्याशिवाय एकूण किंमत, करार किती दिवसांत होईल ती मुदत आणि त्या काळात विक्रेता दुसऱ्या कोणाशी बोलणी करणार नाही ही हमीही लिहावी. विक्रेत्यानेही आपल्या बाजूची अट घालावी: खरेदीदाराने काही कारण नसताना माघार घेतल्यास किती रक्कम कापली जाईल, हे आधीच ठरलेले असले की पुढचा कडवटपणा टळतो.

रोख रक्कम देऊ नये आणि घेऊही नये. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि जेवढी रक्कम घेतली तेवढाच दंड होऊ शकतो.

मालकीची साखळी

सदनिका पहिल्यांदा विकली गेली तेव्हापासून आजच्या विक्रेत्यापर्यंत प्रत्येक हस्तांतरणाचा कागद हवा. बिल्डरसोबतचा मूळ करार, त्याची नोंदणी पावती आणि सूची क्रमांक 2, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला इंडेक्स टू हा नोंदणी कार्यालयातील दस्ताचा सारांश, त्यानंतरचा प्रत्येक नोंदणीकृत दस्त आणि शेवटी विक्रेत्याच्या नावावर असलेले भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, ही ती साखळी. भागपत्रावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे मानू नये. भागपत्र सभासदत्व दाखवते. मालकी दस्तांतून आणि वारसाहक्कातून येते.

साखळी सर्वाधिक वेळा तुटते ती घरातील मृत्यूपाशी, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. समजा, ठाण्यातील एक सदनिका 1988 साली एका हिंदू गृहस्थाने स्वतःच्या कमाईतून घेतली. ते मृत्युपत्र न करता वारले. संस्थेकडे पत्नीचे नामनिर्देशन होते, म्हणून संस्थेने भागपत्रावर पत्नीचे नाव चढवले, आणि आज त्या एकट्या विक्रीला निघाल्या आहेत. भागपत्र पाहून खरेदीदार निर्धास्त होतो. प्रत्यक्षात नामनिर्देशित व्यक्तीला संस्थेपुरते सभासदत्व मिळते, मालकी मिळत नाही. 2016 साली इंद्राणी वाही प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले की, नामनिर्देशनानुसार नाव लावणे संस्थेवर बंधनकारक आहे, परंतु त्यामुळे वारसांचा मालकीवरील दावा संपत नाही; आणि सहकारी कायद्यातील पुढच्या दुरुस्तीने तर अशा व्यक्तीला तात्पुरत्या सभासदाचे स्थान दिले आहे.

मग या सदनिकेचे मालक कोण? हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि मृत व्यक्तीची आई हे सारे प्रथम वर्गाचे वारस आहेत आणि त्यांना समान हिस्सा मिळतो. दोन मुलगे, एक विवाहित मुलगी, पत्नी आणि त्या वेळी हयात असलेली आई अशी पाच माणसे असतील, तर प्रत्येकाचा हिस्सा एक पंचमांश. विवाहित मुलीला तिच्या लग्नात सगळे देऊन झाले, असे कुटुंब म्हणते. कायदा तसे म्हणत नाही. आईची गोष्ट तर बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. ती आई नंतर मृत्युपत्राविना वारली असेल, तर तिचा एक पंचमांश हिस्सा तिच्या स्वतःच्या वारसांकडे जातो, म्हणजे मृत गृहस्थाचे भाऊ आणि बहिणीसुद्धा या सदनिकेत हिस्सेदार ठरतात. त्यामुळे मृत्यू झाला त्या दिवशी कोण हयात होते, हा प्रश्न वकिलाने विचारला नसेल तर आपण विचारावा. मृत्युपत्र असल्यास, किंवा कुटुंबाला दुसरा वैयक्तिक कायदा लागू असल्यास, हा हिशोब बदलतो आणि त्याचा सल्ला वेगळा घ्यावा लागतो.

यावर उपाय दोन आहेत. एक, इतर वारसांनी पत्नीच्या लाभात हक्कसोडपत्र करून ते नोंदवावे आणि मग तिने विक्री करावी. साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर केलेले ना-हरकतपत्र या कामासाठी पुरेसे नाही. दोन, सर्व वारसांनी विक्रेते म्हणून करारात सामील व्हावे आणि किंमत कोणाच्या खात्यात किती जाईल हे करारातच लिहावे. वारसांच्या यादीला आधार म्हणून न्यायालयाचा वारस दाखला असल्यास उत्तम. वारसांमध्ये अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालील, मूल असेल, तर 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार त्याच्या हिश्श्याच्या विक्रीस नैसर्गिक पालकालाही न्यायालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. ती नसेल तर ते मूल सज्ञान झाल्यावर व्यवहाराला आव्हान देऊ शकते.

पती-पत्नीच्या संयुक्त नावावरील घरातही हाच घोळ होतो. एकाच्या मृत्यूनंतर उरलेली व्यक्ती आपोआप पूर्ण मालक होत नाही. मृताचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. गोव्यात घर घेणाऱ्या मराठी माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेमुळे विवाहानंतरची मालमत्ता सर्वसाधारणपणे पती-पत्नीची सामाईक मानली जाते, त्यामुळे कागदावर एकाचेच नाव असले तरी विक्रीच्या दस्तावर दोघांची सही घ्यावी लागते.

विक्रेता परदेशात राहत असेल आणि कुलमुखत्यारपत्राद्वारे कोणी दुसरा सही करणार असेल, तर मूळ कुलमुखत्यारपत्र पाहावे. त्यात विक्रीचा, रक्कम स्वीकारण्याचा आणि नोंदणीसाठी हजर राहण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला आहे का, ते परदेशात भारतीय दूतावासासमोर किंवा नोटरीसमोर केले आहे का, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरले आहे का, हे तपासावे. अधिकार देणारी व्यक्ती वारली की तो अधिकार संपतो, म्हणून नोंदणीच्या आदल्या दिवशी तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलून घेण्याइतकी काळजी वावगी नाही. केवळ कुलमुखत्यारपत्राच्या आधारे घर 'विकत घेतलेल्या' माणसाकडून मात्र घर घेऊ नये. अशा कागदाने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात 2011 सालीच स्पष्ट केले आहे.

शोध अहवाल आणि जाहीर नोटीस

साखळी हातात आल्यावर वकील दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदींचा शोध घेतो. साधारणपणे 30 वर्षांचा शोध घेण्याची पद्धत आहे. इमारत त्याहून नवी असेल तर जमिनीचा मागील इतिहासही पाहिला जातो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सुविधेवर खरेदीदार स्वतःही बऱ्याच नोंदी पाहू शकतो आणि वकिलाचा अहवाल वाचण्यापूर्वी ते करून पाहावे, असे मी सुचवेन, कारण त्यामुळे प्रश्न नेमके विचारता येतात. विक्रेत्याने घर गहाण ठेवून कर्ज घेतले असेल आणि बँकेने त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन दाखल केली असेल तर तीही येथे दिसते.

त्यानंतर एका मराठी आणि एका इंग्रजी वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी; हरकतीसाठी सहसा 14 दिवसांची मुदत ठेवतात. नोटिशीने सगळेच हक्क संपत नाहीत. तरीही आपण पुरेशी चौकशी करून प्रामाणिकपणे खरेदी केली, याचा तो पुरावा असतो आणि कधी कधी एखादा नाराज भाऊ किंवा जुना सावकार त्यातूनच पुढे येतो.

कागदांपैकी काही हरवले असतील तर पोलिसांत तक्रार, जाहीर नोटीस आणि नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत असा रस्ता आहे. 10 डिसेंबर 1985 नंतरच्या करारांवर मुद्रांक शुल्क पूर्ण भरले आहे का, हे मुद्दाम पाहावे, कारण त्या तारखेपासून ताब्यासह केलेले विक्रीचे करार खरेदीखताप्रमाणे शुल्कास पात्र ठरले. शुल्क कमी भरलेला दस्त न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, आणि उणीव भरून काढताना दरमहा 2 टक्के दंडही मोजावा लागतो. तो खर्च विक्रेत्याचा, हे करारात लिहून घ्यावे.

इमारत, जमीन आणि पार्किंग

इमारत वापरास योग्य असल्याचे भोगवटा प्रमाणपत्र आहे का, संस्थेच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, झाले आहे का आणि जमिनीच्या मालमत्ता पत्रकावर कोणाचे नाव आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. अभिहस्तांतरण झालेले नसेल म्हणून व्यवहार सोडून द्यावा असे नाही, कारण संस्था मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरने जमीन नावे करून दिली नाही तरी ती सक्षम अधिकाऱ्याकडून करून घेण्यासाठी, अर्ज करू शकते; मात्र पुनर्विकासाच्या आशेने वाढीव किंमत मागितली जात असेल तर हा मुद्दा किमतीत उतरला पाहिजे. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेली, किंवा शासनाने दिलेली असल्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागू शकते. म्हाडाच्या आणि झोपडपट्टी पुनर्वसनातील घरांना ठरावीक काळ विक्रीबंदी असते. ती संपण्यापूर्वी 'नंतर नावावर करू' या शब्दावर पैसे देणे म्हणजे न्यायालयात मागता न येणारी गोष्ट विकत घेणे होय.

पार्किंगबद्दल विक्रेत्याचे तोंडी आश्वासन पुरेसे नाही. स्टिल्टमधील, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधले, पार्किंग स्वतंत्रपणे विकण्याचा अधिकार बिल्डरला नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली दिला आहे. अशी जागा संस्था वाटप करते. म्हणून संस्थेचे वाटपपत्र मागावे.

कराराचा मसुदा

मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 नुसार विक्रीच्या कराराने मालकी जात नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखत लागते. आपल्याकडे अनेक व्यवहार साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, आणि ताबापावती यांवरच थांबतात. पूर्ण रक्कम देताना खरेदीखतही करून घ्यावे. साठेखतावर पूर्ण मुद्रांक शुल्क भरलेले असेल तर पुढच्या खरेदीखतावर नाममात्र शुल्क लागते, त्यामुळे न करण्याला फारसे कारण राहत नाही.

मसुदा आपल्याला समजणाऱ्या भाषेत वाचून घ्यावा. रक्कम कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यातून, कशाच्या मोबदल्यात जाईल याचे वेळापत्रक त्यात असावे. विक्रेत्याचे कर्ज बाकी असेल तर त्याच्या बँकेकडून थकीत रकमेचे पत्र आणि बँकेच्या ताब्यातील मूळ कागदांची यादी घ्यावी, आणि ती रक्कम खरेदीदाराच्या बँकेने परस्पर त्या कर्जखात्यात भरावी. कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत न केल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसाला 5,000 रुपये भरपाई देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले आहे. त्याचा उल्लेख विक्रेत्याने आपल्या बँकेशी पत्रव्यवहारात करावा.

संस्थेची थकबाकी, मालमत्ता कर आणि वीजबिल ताब्याच्या दिवसापर्यंत विक्रेत्याचे, ही विभागणी लिहावी. मालकीहक्काबाबत नंतर दावा निघाल्यास विक्रेता भरपाई देईल, ही हमी असावी. ताबा उशिरा दिल्यास किंवा रक्कम उशिरा दिल्यास दर दिवसाला किंवा दरमहा किती द्यायचे, हे दोन्ही बाजूंसाठी असावे. विक्रेत्याला माझे एकच आग्रहाचे सांगणे आहे: शेवटची रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय किल्ली देऊ नये, रंगकामासाठीसुद्धा नाही.

मुद्रांक शुल्क आणि कर

मुद्रांक शुल्क कराराची किंमत आणि रेडी रेकनरचे, म्हणजे शासनाच्या दरपत्रकाचे, बाजारमूल्य यांतील जास्त रकमेवर आकारले जाते. सध्या मुंबईत ते 6 टक्के आणि पुणे शहरात 7 टक्के आहे. सर्व खरेदीदार स्त्रिया असतील तर निवासी घरासाठी 1 टक्का सवलत मिळते. नोंदणी शुल्क 1 टक्का, परंतु कमाल 30,000 रुपये. किंमत कमी दाखवून शुल्क वाचवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. बाजारमूल्य आणि करारातील किंमत यांत 10 टक्क्यांहून अधिक फरक असेल तर आयकर कायदा विक्रेत्याचा नफा बाजारमूल्यावर मोजतो आणि खरेदीदाराच्या हाती तोच फरक उत्पन्न म्हणून धरतो.

किंमत 50 लाख रुपये किंवा अधिक असल्यास खरेदीदाराने 1 टक्का कर कापून विक्रेत्याच्या पॅनवर भरायचा असतो. विक्रेता अनिवासी असेल तर ही 50 लाखांची मर्यादा लागू नसते आणि कपातीचा दर बराच मोठा असतो. त्याने कमी दराने कपातीचा दाखला आयकर विभागाकडून आधीच मिळवावा, नाहीतर मोठी रक्कम विवरणपत्राच्या परताव्यापर्यंत अडकून राहते. विक्रेत्याने घर 24 महिन्यांहून अधिक काळ धारण केले असेल तर नफा दीर्घकालीन ठरतो. त्यावर 12.5 टक्के कर आहे, आणि 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकासह 20 टक्क्यांचा पर्यायही मोजून पाहता येतो. नफा दुसऱ्या घरात गुंतवायचा असेल तर तयार घरासाठी दोन वर्षांची आणि बांधकामासाठी तीन वर्षांची मुदत आहे. हा हिशोब सनदी लेखापालाकडून विक्रीपूर्वी करून घ्यावा.

नोंदणी, ताबा आणि संस्था

मुद्रांक शुल्क ऑनलाइन चलनाने भरून, पब्लिक डेटा एन्ट्री, म्हणजे दस्ताची माहिती ऑनलाइन भरणे, पूर्ण करून आणि वेळ घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात जावे. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करावा लागतो. दोन्ही पक्ष, ओळख पटवणारे दोन साक्षीदार, पॅन आणि आधार यांसह तेथे छायाचित्र व अंगठ्याचे ठसे घेतले जातात. बाहेर पडण्यापूर्वी इंडेक्स टूवरील नावे, सदनिका क्रमांक आणि क्षेत्रफळ अक्षर न् अक्षर वाचून घ्यावे. नंतरची दुरुस्ती स्वतंत्र चूक दुरुस्ती दस्ताने करावी लागते.

संस्थेकडे हस्तांतरणाचा अर्ज दोघांच्या सहीने द्यावा. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे संस्थेच्या नमुना नियमावलीनुसार, विक्रीच्या इराद्याची 15 दिवसांची सूचना द्यायची असते. कायद्याने प्रत्येक विक्रीला संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक नाही, मात्र बँक ते मागते. हस्तांतरण अधिमूल्यावर, म्हणजे हस्तांतरणासाठी संस्था घेत असलेल्या रकमेवर, महानगरपालिका क्षेत्रात 25,000 रुपयांची कमाल मर्यादा शासनाने घातलेली आहे. त्यापुढे 'विकास निधी' किंवा 'देणगी' अशा नावाने मागणी झाल्यास ती लेखी मागावी आणि उपनिबंधकांकडे तक्रार करावी. अर्ज पोहोच घेऊनच द्यावा, कारण तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर उपविधींप्रमाणे सभासदत्व मिळाल्याचे मानले जाते आणि ती मुदत त्या पोहोचेच्या तारखेपासून मोजली जाते.

भागपत्रावर नाव चढल्यानंतर मालमत्ता कराच्या आणि वीजजोडणीच्या नोंदी बदलून घ्याव्यात, आणि त्याच आठवड्यात संस्थेकडे स्वतःचे नामनिर्देशन दाखल करून सोबत मृत्युपत्राचाही विचार करावा, म्हणजे पुढच्या विक्रीत वारसांचा तोच शोध पुन्हा करावा लागणार नाही.